कॅप्टन लांग्सडॉर्फचा शेवट

पॉवेल व प्रेसबर्गर या जोडीचा 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' हा १९५६ सालचा बोलपट आरमारी युद्धावरील चांगल्या बोलपटांत गणला जातो, आणि तो तसा आहेहि. त्यांत दिसणारें 'अकिलिस' हें जहाज तर प्रत्यक्ष त्या लढाईंत लढलेलेंच आहे. १९४८ ते १९७८ तें भारतीय नौदलांत 'दिल्ली' या नांवानें होतें, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. आमची तक्रार आहे ती बोलपटाच्या शेवटाविषयीं.

'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेचा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ हा १९१६ सालीं जटलंडला लढलेला, कैसरच्या आरमारांत वाढलेला गडी. सप्टेंबर ते डिसेंबर १९३९ या अवधींत त्यानें नऊ व्यापारी जहाजें बुडविलीं, पण त्यांवरील एकाहि माणसाचा प्राण जाऊं दिला नाहीं. असा हिशेब युद्धांत विरळा! १३ डिसेंबरला तीन क्रूझरांशीं गांठ पडून त्याचे ३६ लोक पडले आणि त्यानें जखमी जहाज तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरांत नेलें. मुदत ७२ तासांची. बाहेर मोठें आरमार टपलें आहे अशी ब्रिटिशांनीं उठविलेली हूल त्यास खरी वाटली. १७ तारखेस त्यानें माणसें वांचविलीं व जहाज स्वतःच उडवून दिलें. पीटर फिंचनें हा थकलेला, सभ्य दर्यावर्दी फार संयमानें उभा केला आहे. जहाज जळत असतां, त्याच्या कैदेंतून सुटलेला इंग्रज कप्तान डव्ह त्याचें सांत्वन करतो आणि बोलपट संपतो.

लांग्सडॉर्फ मात्र तेथें संपला नाहीं. दोन-तीन दिवसांतच ब्वेनोस आइरेस येथें, आपल्या आरमाराचें निशाण पसरून, त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. मागें ठेवलेल्या पत्रांत, मानी कप्तानाचें दैव जहाजाच्या दैवाहून वेगळें असूं शकत नाहीं, असें त्यानें लिहिलें. आणि त्याच पत्रांत आपल्या फ्यूररवरील निष्ठाहि व्यक्त केली! माँटेव्हिडिओस मृत खलाशांच्या दफनप्रसंगीं, भोंवतालचे हात नाझी पद्धतीनें उंचावले असतां, जुना आरमारी मुजरा करणारा तो हाच.

या दोन गोष्टींचा मेळ घालणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. शत्रूसहि मान द्यावा ही दिग्दर्शकांची वृत्ति स्तुत्यच; परंतु पत्र व पिस्तुल वगळून त्यांनीं जो मान दिला, तो एका सोयीच्या लांग्सडॉर्फला दिला. प्रेक्षकांस तो आवडतो, कारण त्याच्याविषयीं कोणताच अवघड प्रश्न त्यांस पडत नाहीं. बंदरांतील वकिलातींच्या खलबतांवर बोलपटानें जो सढळ वेळ खर्चिला आहे, त्यांतलीं पांच मिनिटें त्या शेवटच्या रात्रीस खचित देतां आलीं असतीं.