‘नागासाकीच्या घंटा’ : एक पुनर्वाचन

डॉ. ताकाशी नागाई यांचे ‘नागासाकीच्या घंटा’ भाविक वाचक संतचरित्रासारखे हाती घेतात. लेखकाची योग्यता तशी आहेच. तथापि फादर विल्यम जॉन्स्टन, ये. सं., यांचे १९८४ चे इंग्रजी भाषांतर पुन्हा वाचताना त्यातील वैद्य आणि प्रवचनकार आम्हांस वेगळे करावेसे वाटतात.

वैद्याची पाने अस्सल आहेत. बॉम्बमुळे नागाईंना रक्ताचा कर्करोग झाला हा समज खरा नव्हे. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून क्षयरोग्यांना तपासता तपासता जडलेल्या या व्याधीचे निदान जून १९४५ मध्येच झाले होते. ९ ऑगस्टला नागासाकीवर बॉम्ब पडला. पत्नी गेली, घर गेले. स्वतः जखमी असलेला हा माणूस मात्र रुग्णांच्या उलट्या, रक्तस्राव, गळणारे केस यांची नोंद करीत राहिला. विशेषणांची आरास कोठेही नाही.

प्रवचनकाराविषयी आम्ही साशंक आहो. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी जवळजवळ ८,५०० मरण पावले. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी भग्न कॅथेड्रलपाशी त्यांच्यासाठी मिस्सा झाली. तेथील नागाईंचे भाषण पुस्तकात आहे : मृत म्हणजे युद्धाच्या प्रायश्चित्तासाठी देवाने निवडलेले निर्मळ होमबली. शोकाकुलांना त्याने धीर दिला, हे आम्ही नाकारीत नाही. (अंत्यविधीत काय बोलावे, हा प्रश्न आम्हा धर्मगुरूंना नवा नाही.) पण होमबली वेदीवर एकदाच जळतो आणि अर्पण पुरे होते. किरणोत्साराचे तसे नाही. पुस्तक १९४६ साली लिहून झाले. रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण शिखरास पोहोचले ते त्यानंतर काही वर्षांनी, विशेषतः स्फोटसमयी लहान असलेल्यांत. जठर, फुप्फुस, स्तन यांचे कर्करोग दशकांनंतर उद्भवले, आणि वाढलेला धोका जन्मभर राहिला. गर्भावस्थेत किरणोत्साराची झळ लागलेली काही बालके लहान मस्तक आणि खुंटलेली बुद्धी घेऊन जन्मली. वाचलेल्यांच्या संततीत आनुवंशिक दोष वाढल्याचे आजवरच्या अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. तरीही त्या भीतीपायी विवाह मोडत.

निवडलेले जर मृत, तर हे जगलेले कोण? भाषणाप्रमाणे ते अर्पणास अपात्र ठरलेले पापी. अशा माणसाने आपल्या दुखण्याविषयी तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी? उराकामीत पुष्कळांनी केली नाही. २५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमात, युद्ध हे मनुष्याचे कृत्य आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर तेथील काही कॅथलिकांनी आपली कहाणी प्रथमच उघडपणे सांगितली.