महामारी, ज्येष्ठांची स्मृती आणि सर्वेक्षणाच्या मर्यादा

प्रास्ताविक : २०२० मध्ये पसरलेल्या करोना महामारीचा ज्येष्ठांच्या आरोग्यावर काय परिणाम झाला, हा सामाजिक शास्त्रांतील महत्त्वाचा अभ्यासविषय ठरला आहे. 'टाळेबंदीनंतर आपली स्मरणशक्ती कमी झाली असे वाटते का?' अशा प्रश्नाने स्मृती मोजता येते काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

स्वनिवेदनाची मर्यादा : विसरभोळेपणाची तक्रार पुष्कळदा नैराश्य व चिंतेशी निगडित असते. उलटपक्षी, ज्याची स्मृती खरोखर क्षीण झाली आहे त्याला तिची जाणीव असेलच असे नाही. म्हणून पूर्वस्थितीची नोंद व प्रत्यक्ष चाचणी आवश्यक ठरते. एक्सेटर विद्यापीठ व लंडनचे किंग्ज कॉलेज यांच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात ती होती. पन्नाशीपुढील ३,१४२ व्यक्तींच्या महामारीपूर्व व नंतरच्या चाचण्यांची तुलना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. कार्यकारी क्षमता व कार्यरत स्मृती यांत घसरण आढळली आणि कार्यरत स्मृतीतील घसरण दुसऱ्या वर्षीही टिकून राहिली. व्यायामातील घट, एकाकीपणा व नैराश्य यांच्याशी तिचा संबंध दिसला.

नमुन्याचा प्रश्न : तथापि हा अभ्यास पूर्णतः ऑनलाइन होता. संगणक हाताळणारे, स्वेच्छेने सहभागी होणारे ज्येष्ठच त्यात आले. निरक्षर, श्रवणदोष असलेले किंवा एकाकी वृद्ध अशा पद्धतीत मुळातच निसटतात. ज्यांची हानी अधिक होण्याचा संभव, तेच नोंदीबाहेर राहतात.

भारतीय संदर्भ : मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखालील 'लासी' सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या गेल्या. दहा शब्द ऐकवून ते आठवण्यास सांगण्यासारख्या चाचण्या त्यात होत्या. महामारीपूर्व स्थितीची ही नोंद मोलाची आहे. मात्र वजाबाकीसारख्या चाचणीत शालेय शिक्षणाचा प्रभाव उतरतो; म्हणून व्यक्तीची तुलना इतरांशी न करता तिच्याच पूर्वीच्या गुणांशी करणे अधिक न्याय्य होय.

समारोप : व्हॉट्सॲपवरून प्रश्नावली पाठवून शे-दोनशे उत्तरे मिळविणे सोपे असते, त्यातून ज्येष्ठांना काय वाटते ते कळते, त्यांच्या बुद्धीचे काय झाले ते नव्हे. हा भेद शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत पाळला जावा. अन्यथा उत्तर देऊ शकणाऱ्यांचे क्षेम हेच सर्व वृद्धांचे क्षेम ठरेल आणि ज्यांना मदतीची निकड आहे ते धोरणातूनही वगळले जातील.