माशीच्या डोळ्यातली खिडकी

रॉबर्ट हूकच्या ‘मायक्रोग्राफिया’तलं चोविसावं चित्र उघडलं की पानभर एका माशीचं डोकं समोर येतं. धड नाही, पंख नाहीत, पाय नाहीत. दोन्ही बाजूंना फुगलेले प्रचंड डोळे, मधे चिंचोळा चेहरा आणि राठ केस. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या गोष्टींचं हे पुस्तक १६६५ च्या जानेवारीत लंडनमध्ये रॉयल सोसायटीने काढलं. हूक तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि कॅमेरा यायला अजून पावणेदोनशे वर्षं अवकाश होता. तरीही कमी पैशांत किड्यांचे जवळून फोटो काढू पाहणाऱ्याने लेन्सच्या किमती चाळण्याआधी हे चित्र नीट वाचावं, असं मी आवर्जून सांगेन. हूकने नुसती माशी काढलेली नाही. ती कुठल्या उजेडात पाहिली, तेही त्या चित्रांत उमटलं आहे.

डोळ्यांपासून सुरुवात करू. हूकने प्रत्येक डोळा मण्यांच्या ओळींनी भरला आहे. ओळी काटेकोर आहेत, तीन दिशांनी तिरक्या जाणाऱ्या. डोळ्याची गोलाई बाह्यरेषेपेक्षा या ओळींच्या वळणातून जास्त कळते. घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट हमखास सुटते. सगळे मणी एका मापाचे नाहीत. जमिनीकडे पाहणारे खालचे मणी लहान आहेत, वर आणि आजूबाजूला पाहणारे मोठे. दोन्ही डोळ्यांत मिळून हे मणी १४,००० च्या आसपास भरतील असा हिशेब हूकने मांडला. एकेक मोजण्याच्या फंदात तो पडला नाही, काही ओळी मोजून त्याने गणित केलं. हा माणूस चित्रकार पीटर लेलीकडे थोडे दिवस उमेदवारी करून आला होता, आणि ते शिक्षण इथे दिसतं. मण्यामण्यावर सारखीच मेहनत, पण डोळा जिथे वळतो तिथे रेषा हलकी होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्या कारागिरांनीही आपलं म्हणणं बऱ्यापैकी पाळलं, अशी पावती हूकने प्रस्तावनेत दिली आहे.

खरी गंमत मात्र याच्या आधीच्या, तेविसाव्या चित्रात एका बाजूला आहे. तिथे हूकने त्याच डोळ्यातले फक्त १९ मणी जास्त ताकदीच्या भिंगाखाली पाहून मोठे काढले आहेत. प्रत्येक मण्यात त्याच्या खोलीच्या दोन खिडक्यांचं प्रतिबिंब आहे. मजकुरात तर तो आणखी पुढे जातो. खिडकीबाहेरच्या मोठ्या झाडाचा बुंधा आणि शेंडा त्या मण्यांत ओळखू येत होता, आणि खिडकी व माशी यांच्यामध्ये हात धरला तर बोटंसुद्धा. माशीचं चित्र पाहता पाहता आपण हूकच्या खोलीत पोचतो, आणि तेही त्या खिडक्यांकडे तोंड करून.

मॅक्रोचा, म्हणजे असे जवळून फोटो काढण्याचा, नाद लागलेल्या माणसाला हे प्रतिबिंब बघायची सवयच असते. दुसऱ्याचा फोटो समोर आला की आधी किड्याच्या डोळ्यात काय चकाकतंय ते तो बघतो. जंपिंग स्पायडरचे पुढचे दोन मोठे डोळे यासाठी उत्तम. (कोळी हा कीटक नव्हे, मान्य, पण मॅक्रोवाल्यांच्या पंगतीत पहिलं पान त्याचंच असतं.) डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढराफटक ठिपका असेल तर फ्लॅश उघडा मारला आहे. पांढरं कडं असेल तर लेन्सभोवती रिंग लाइट आहे. वरच्या अर्ध्या भागात रुंद, मऊ कडांचा पांढुरका पट्टा असेल तर कुणीतरी फ्लॅशपुढे कागद किंवा कापड ताणलं आहे आणि ते किड्याच्या पुष्कळ जवळ आणलं आहे. लेन्स दहा हजारांची होती की लाखाची, हे फोटो पाहून छातीठोकपणे सांगणं कठीण असतं. उजेड कसा केला, हे मात्र लपत नाही.

हूकने आपला उजेड कसा केला ते प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे, आणि मला तो भाग चित्राइतकाच वाचनीय वाटतो. दक्षिणेकडे एकच खिडकी उघडी असलेली खोली. खिडकीपासून तीन-चार फुटांवर टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक. उजेड गोळा करायला पाण्याने भरलेला काचेचा गोल. ऊन असेल तर आणखी एक युक्ती. वस्तूच्या अगदी जवळ, ती आणि प्रकाश यांच्यामध्ये, तेल लावलेला कागदाचा तुकडा धरायचा आणि मोठ्या भिंगाने ऊन त्या कागदावर टाकायचं, पण कागद पेटणार नाही इतपतच. कागद नको असेल तर काचेचा तुकडा बारीक वाळूने घासून धुरकट करून घ्यायचा. रात्री दिव्यापुढे मिठाच्या पाण्याने भरलेला गोल ठेवायचा. यातली एकही गोष्ट साध्या घरात मिळणार नाही अशी नाही.

तेल लावलेला कागद म्हणजे आपला स्वयंपाकघरातला बटर पेपर. आजचा स्वस्त डिफ्युझर त्याच्यापलीकडे फारसा गेलेला नाही. पुठ्ठ्याचा नळा, आतून चिकटवलेला ॲल्युमिनियम फॉइल, तोंडाशी बटर पेपरचे दोन थर, आणि सगळं लेन्सच्या टोकाच्याही थोडं पुढे झुकेल असं फ्लॅशला टेपने बांधलेलं. कुणी थर्माकोलचा पातळ पत्रा वापरतं, कुणी दुधी प्लॅस्टिकचं डबडं कापतं. दिसायला ध्यान दिसतं, पण चालतं. महत्त्वाचं आहे ते हूकने घातलेलं अंतर. कागद त्याने दिव्याजवळ धरला नाही, वस्तूजवळ धरला. चार इंचांवरचा कागद माशीला अर्ध्या आभाळाएवढा असतो. तोच फ्लॅशच्या तोंडाशी चिकटवला तर माशीच्या दृष्टीने तो पुन्हा ठिपकाच. बाजारात फ्लॅशवर बसवायच्या छोट्या पांढऱ्या टोप्या मिळतात, त्या या कामाला निरुपयोगी ठरतात त्या याच कारणाने.

हूकला या उजेडाची इतकी चिंता का होती, तेही त्याने सांगितलं आहे. माशीचा हाच डोळा एका उजेडात भोकंभोकं पडलेल्या जाळीसारखा दिसे, उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा, एका बाजूने पिरॅमिडांनी भरलेला, तर दुसऱ्या बाजूने शंकूंनी. उंचवटा कुठला आणि खळगा कुठला, सावली कुठली आणि मुळातला काळा डाग कुठला, हेच कळेना. म्हणून अनेक उजेडांत, अनेक बाजूंनी पाहून खरा आकार पटेपर्यंत चित्राला हात घालायचा नाही असा त्याने नेम केला. गोठ्यातल्या गोमाशीचा भर दुपारी काढलेला फोटो पाहिला की या नेमाचं मोल कळतं. तिच्या डोळ्यांवरचे हिरवे-जांभळे पट्टे उन्हाच्या एका चकाकत्या डागाखाली पार धुऊन गेलेले असतात. त्याच माशीवर कागदाची सावली धरा, पट्टे परत येतात.

आता भिंगाकडे वळू. नव्या मॅक्रो लेन्ससाठी लाखभर रुपये मोजणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, वस्तू चांगलीच असते. पण ५० मिलिमीटरची जुनी फिल्म-जमान्यातली लेन्स उलटी करून लावली तर जवळपास तेवढीच मोठी प्रतिमा मिळते. यामागे साधं कारण आहे. नेहमीची लेन्स दूरच्या मोठ्या दृश्याची जवळ लहान प्रतिमा करण्यासाठी घडवलेली असते. किडा त्याच्या आकारापेक्षा मोठा टिपायचा तर काम नेमकं उलट होतं, म्हणून लेन्सही उलटी. लागणारी रिव्हर्स रिंग काहीशे रुपयांत येते. २८ मिलिमीटरची लेन्स उलटवली तर किडा दुपटीहून मोठा दिसतो, मात्र तितकंच त्याच्या अंगावर जावं लागतं. दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. त्यात काचच नसते, नुसता पोकळ नळा. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटर नळा लावला की प्रतिमा किड्याएवढी होते. ज्यांच्याकडे आधीच लांब झूम लेन्स आहे त्यांनी पुढे चढवायचं भिंग घ्यावं. रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचं भिंग २०० मिलिमीटरवर १.६ पट मोठं दाखवतं, आणि किड्यापासून वीतभर नसलं तरी दहा-बारा सेंटिमीटर दूर राहता येतं. फुलपाखरं बुजतात, त्यांच्यासाठी मला हेच बरं वाटतं.

उलटवायची लेन्स घेताना ॲपर्चरची रिंग असलेलीच घ्यावी. आजच्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेरा विजेच्या संदेशाने हलवतो, आणि उलट्या लेन्सला तो संदेश पोचत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अशा लेन्स अधूनमधून दिसतात. आपल्या दमट हवेत त्यांच्या पोटात बुरशी धरते, तेव्हा मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळ्यासारखे तंतू दिसतात का, एवढं पाहून मगच घासाघीस करावी.

महागडं यंत्र आणि पाहण्याची कला यांतलं अंतर हूकच्या काळातही होतं. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल पीप्सने ऑगस्ट १६६४ मध्ये साडेपाच पौंड मोजून सूक्ष्मदर्शक घेतला. किंमत फार झाली, अशी कुरकुर त्याने तेव्हाच लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको त्याला डोळा लावून बसली, तर काहीतरी दिसेपर्यंत त्यांच्या नाकी नऊ आले. पाच महिन्यांनी ‘मायक्रोग्राफिया’ हाती पडलं, तेव्हा तो रात्री दोनपर्यंत वाचत बसला. आज हे पुस्तक स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतं, आणि माशीचं पान पाहिजे तेवढं मोठं करून बघता येतं.

या चित्रात एक गोष्ट अशी आहे जी हूकच्या सूक्ष्मदर्शकातून एका नजरेत कधीच दिसली नसणार. डोक्याचा पुढचा केस आणि डोळ्याची मागची कड, दोन्ही सारखीच स्पष्ट आहेत. किडा दुप्पट मोठा दिसत असताना ॲपर्चर एफ ११ वर ठेवलं, तर आजच्या नेहमीच्या डीएसएलआरवर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा थर फोकसमध्ये असतो. माशीचं डोकं पुढून मागे काही मिलिमीटर. ॲपर्चर आणखी बारीक करून सुटका नाही, कारण एफ ११ हे दुपटीवर एफ ३३ सारखं वागतं, उजेड एक नवमांश उरतो आणि तपशील पुसट होऊ लागतो. हूकने नळी वर-खाली करत एकेक थर पाहिला आणि सगळे थर कागदावर जोडले. आपण त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतो आणि जोडणीचं काम संगणकाला देतो. मला विचाराल तर हूकची जोडणी अजूनही सरस आहे. संगणकाने जोडलेल्या फोटोत एकमेकांवरून जाणाऱ्या केसांच्या कडेला बहुधा धुरकट प्रभावळ राहते. हूकला कुठला केस पुढे आणि कुठला मागे ते माहीत होतं.

चित्राची उणीवही तिथेच आहे. सगळंच स्पष्ट असल्याने माशी कुठे आहे ते कळत नाही. ती कुठेच नाही. हूकने डोकं कापून, चेहरा वर करून ते सूक्ष्मदर्शकाखाली बसवलं होतं, आणि चित्र तसंच आहे, निर्दोष आणि निष्प्राण. पानाच्या कडेला जराशी धूसर झालेली, एकच डोळा फोकसमध्ये असलेली जिवंत माशी मला या चित्राहून जवळची वाटते.

जिवंत किड्याने हूकलाही छळलंच. मुंगीचे पाय मेणात किंवा डिंकात रोवले तरी ती अंग पिळून घेई, आणि मारली तर तिचं रूप बिघडे. शेवटी त्याने तिला ब्रँडी पाजली. मुंगी झिंगून पडली, तासाभराने एकाएकी उठली आणि पळाली. हूक हे इतक्या खेळकरपणे सांगतो की मुंगीच्या चित्रापेक्षा तो परिच्छेदच लक्षात राहतो. आज काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात आणि मग फोटो काढतात. तसा फोटो ओळखू येतो. पाय पोटाशी ओढलेले असतात, मिशा लोंबत असतात आणि क्वचित अंगावर दवासारखं पाणी धरलेलं असतं. मला हा प्रकार पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. साध्या मॅन्युअल फ्लॅशची ताकद १/३२ वर आणली की त्याची चमक सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या हिश्श्यात संपते. एवढ्या वेळात चालती मुंगीही जागची हलत नाही. फक्त तेवढा उजेड पुरायला हवा, आणि तो पुरतो बटर पेपर तीन-चार इंचांवर असेल तरच. कागद फूटभर मागे नेला की ताकद १/४ वर न्यावी लागते, चमक लांबते, आणि मुंगीची मिशी फोटोत दुहेरी उमटते.