आरंभीचा ताण आणि अरण्यातला प्रेक्षक

मारधाडपटाच्या आरंभी निर्माण होणाऱ्या ताणाविषयी लिहिताना समीक्षा बहुधा तंत्रांची यादी देऊन थांबते. जलद संकलन, समीपदृश्ये, चौकटीबाहेरून येणारा ध्वनी, अकस्मात पसरणारी शांतता ही सारी साधने खरीच. परंतु त्यांची नोंद म्हणजे ताणाचे स्पष्टीकरण नव्हे. ताण उत्पन्न होतो तो ज्ञानाच्या विषम वाटपातून. चित्रपटाला काय ठाऊक आहे, पात्राला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला कितपत कळू दिले आहे, या तिहींमधील अंतरात त्याचे मूळ असते. हिचकॉकने त्रुफोशी झालेल्या संभाषणात टेबलाखालच्या बॉम्बचे जे उदाहरण दिले, ते याच अंतराचे होय. तंत्र हे अंतर राखते, वाढवते वा मिटवते. एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. प्रत्येक आरंभ प्रेक्षकाच्या ठायी एक विशिष्ट अज्ञान गृहीत धरतो. ते अज्ञान ज्याच्यापाशी नाही, अशा प्रेक्षकाच्या बाबतीत तंत्राचे काय होते? चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यजिल्ह्यांतील प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून ‘शोले’ (१९७५) आणि ‘शेरनी’ (२०२१) यांचे आरंभ ताडून पाहिले असता या प्रश्नाला काही निश्चित आकार येतो.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. नाट्यशास्त्राने भयानक रसाच्या विभावांत ओसाड घर आणि अरण्य यांची गणना केली आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’चा पहिला अंक तर पाठलागानेच उघडतो: दुष्यंताचा रथ, ताणलेले धनुष्य आणि पुढे जीव घेऊन पळणारे हरिण. भयानकाचे स्वरूप सांगताना अभिनवगुप्ताने या पळणाऱ्या हरिणाचेच उदाहरण घेतले. त्या भयाला एखाद्या व्यक्तीचे, स्थळाचे वा काळाचे बंधन उरत नाही, म्हणून ते आस्वाद्य होते, असा त्याचा सिद्धांत आहे. त्याच विवेचनात त्याने रसप्रतीतीची विघ्नेही सांगितली असून स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे हे त्यांपैकी एक होय. अरण्यभयाचे साधारणीकरण होण्यासाठी अरण्यापासून काही अंतर लागते, असा याचा अर्थ निघतो. हे अंतर सर्व प्रेक्षकांना सारखेच उपलब्ध असते, असे मात्र सिद्धांताने न बोलता धरून चालले आहे.

‘शोले’चा आरंभ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. एका लहानशा स्थानकावर आगगाडी थांबते, तुरुंगाधिकारी उतरतो, ठाकुराचा नोकर रामलाल त्याला घ्यायला आलेला असतो आणि दोघे घोड्यांवरून रामगढकडे निघतात. श्रेयनामावली याच प्रवासावर उमटते. या मिनिटांत धोका नाही, घटना नाही; आहे ती विस्तीर्ण चौकट, खडकाळ प्रदेश आणि राहुल देव बर्मन यांचे संगीत. अधिकाऱ्याला कशासाठी बोलावले, हे मात्र सांगितले जात नाही. ताणाचा पहिला धागा वेगाने विणलेला नाही, तो विलंबाने विणलेला आहे.

मग येते पूर्वस्मृती: मालगाडी, बेड्या घातलेले जय आणि वीरू, पोलीस अधिकारी असलेला ठाकूर आणि गाडीला समांतर दौडणारे दरोडेखोर. मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ या प्रसंगाचे चित्रीकरण सात आठवड्यांहून अधिक काळ चालले होते. धावत्या घोड्यांचे आडवे चलन, गाडीची सरळ रेषा आणि रुळांवर रचलेले ओंडके यांच्या आलटून-पालटून येण्यातून एम. एस. शिंदे यांच्या संकलनाने जी लय साधली, तिची वाखाणणी झाली आणि या चित्रपटाला मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलनाचेच ठरले.

परंतु खरे कौशल्य या लयीच्या आड आहे. पूर्वस्मृतीत ठाकूर दोन्ही हातांनी लढताना दिसतो. वर्तमानात तो शालीत गुंडाळलेला आहे. दोन्ही प्रतिमा प्रेक्षकासमोर ठेवल्या जातात, त्यांच्यातील भेद मात्र त्याच्या लक्षात येऊ दिला जात नाही. होळीच्या हल्ल्यात पायाशी पडलेली बंदूक ठाकूर उचलत नाही, तेव्हा कुठे हा भेद प्रश्नाचे रूप घेतो. जखमी ठाकुराला इस्पितळात न्यावे की पळून जावे, हे ठरवण्यासाठी जय जे नाणे उडवतो, त्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत हेही शेवटीच उघड होते. रोलाँ बार्थने ‘एस/झेड’ (१९७०) मध्ये कोड्याचा जो संकेत वर्णिला, तो येथे दृश्यातच दडवलेला आहे. संकलनाचा वेग प्रेक्षकाला पाहू देतो, पण विचारू देत नाही.

या आरंभाला अपेक्षित असलेले अज्ञान कथेविषयीचे आहे. ते मुंबईच्या आणि मूल-सिंदेवाहीच्या प्रेक्षकापाशी सारखेच असते. ‘शोले’ सर्वत्र चालतो, याचे एक कारण हेही असावे. अरण्याला भयाचा विभाव करणाऱ्या चित्रपटांचे तसे नाही. त्यांना कथेबरोबर भूमीविषयीचेही अज्ञान लागते.

अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ हाच संकेत हाती घेऊन आरंभीच त्याचा भंग करतो. जंगलात हातपाय टेकून चालणारी एक आकृती दिसते. तो असतो वनकर्मचारी. झाडाला बांधलेला ट्रॅप कॅमेरा नीट चालतो की नाही, हे पाहण्यासाठी तो वाघाची चाल चालत आहे. शिकारपटाने घडवलेले प्रेक्षकाचे अपेक्षाक्षितिज क्षणभर जागे केले जाते आणि त्याचे हसू केले जाते. वाघाच्या जागी माणूस आणि माणसाच्या जागी यंत्राचा डोळा येतो. यानंतर ताणाचा प्रश्न बदलतो. वाघीण कोठे आहे, यापेक्षा तिच्याविषयीचा निर्णय कोण आणि कशासाठी घेणार, हा प्रश्न वनाधिकारी विद्या व्हिन्सेंटच्या कथेचा गाभा ठरतो. चित्रपटाचा शेवट संग्रहालयातील पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी होतो, हे या आरंभाशी जोडून वाचावयास हवे. सोंग घेतलेल्या वाघापासून पेंढा भरलेल्या प्राण्यांपर्यंतची ही वाट आहे आणि जिवंत वाघीण या दोहोंच्या मध्ये हरवते.

या चित्रपटाचे चित्रीकरण मध्य प्रदेशात झाले. परंतु तो पाहताना चंद्रपूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातलेल्या टी-१ अर्थात अवनी वाघिणीची आठवण अटळ होते. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद झालेल्या सीटी-१ या वाघाच्या नावावरही १३ बळी नोंदले गेले. ताडोबा-अंधारीच्या सीमेबाहेर, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला वा सरपण आणायला जाणाऱ्यांना अरण्य हा विभाव नसून कामाची जागा आहे. चित्रपटात हल्ल्यापूर्वी पसरणारी शांतता शहरी प्रेक्षकाला निराकार भय देते. येथील प्रेक्षक त्या ध्वनिपटात वानराचा इशारा आणि चितळाची हाक शोधतो. ती नसली तर शांतता त्याला खोटी वाटते, असली तर ती माहिती ठरते. त्याचे भय कमी होत नाही. त्याचा प्रश्न बदलतो. काय आहे, हे त्याला ठाऊक असते. किती अंतरावर आहे आणि उद्या रानात जावे की नाही, हे त्याला ठरवायचे असते.

हा प्रेक्षक संकेतांना अनभिज्ञ आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. दिवाळीनंतर शंकरपटाच्या हंगामात रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके पाहत तो वाढला आहे. रंगवलेला पडदा अरण्य म्हणून स्वीकारायला त्याला अडचण पडत नाही. त्याला अडते ते त्याच्या ज्ञानाला अज्ञान समजून रचलेल्या दृश्यापाशी. अभिनवगुप्ताच्या भाषेत त्याच्या ठायी विघ्न आहे, असे म्हणता येईल. पण ते विघ्न प्रेक्षकाचा दोष मानायचे की कृतीने धरून चाललेल्या प्रेक्षकाची मर्यादा, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

‘शेरनी’ही या मर्यादेतून पूर्णपणे सुटत नाही. ती हिंदीत बोलते, ओटीटीवर प्रदर्शित झाली आणि तिचे केंद्र गावाबाहेरून आलेली अधिकारी आहे. तरीही वाघाचे सोंग आरंभीच उघड करून ती प्रेक्षकांमधील ज्ञानाची विषमता काही अंशी मिटवते: सोंग पाहून हसण्याचा अधिकार वाघ पाहिलेल्याला आणि न पाहिलेल्याला एकाच वेळी मिळतो. दुष्यंताच्या बाणाआड तपस्वी येतो आणि मृगयेचे नाटक वेगळ्याच दिशेने वळते. येथे ते काम एका हास्याने केले आहे. तंत्रांची गणना करणाऱ्या समीक्षेला हे वळण दिसणार नाही, कारण त्यात चमकदार असे तंत्रच नाही. ते दिसण्यासाठी आरंभाने कोणाचे अज्ञान वापरले, हे आधी विचारावे लागते.