पाटी, क्लिकर आणि वर्गातील मौन : प्रतिसादयंत्रांच्या वापराची एक चिकित्सा

प्रस्तावना

अध्यापन-अध्ययन प्रक्रियेत तंत्रज्ञानाचा वापर हा महाविद्यालयीन चर्चासत्रांचा आता नित्याचा विषय झालेला आहे. त्यातही ‘क्लिकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिसादयंत्राविषयी विशेष कुतूहल आढळते. विद्यार्थ्याच्या हाती चार-पाच कळांचे एक छोटे यंत्र असते. प्राध्यापक पडद्यावर बहुपर्यायी प्रश्न दाखवतात, विद्यार्थी कळ दाबतात, संगणकाला जोडलेला ग्राहक ते संकेत टिपतो आणि क्षणार्धात संपूर्ण वर्गाचा कौल स्तंभालेखाच्या रूपाने समोर येतो. अलीकडे हेच काम भ्रमणध्वनीवरील उपयोजने करू लागली आहेत. या साधनामुळे निष्क्रिय वर्ग सक्रिय होतो, असा सर्वसाधारण दावा केला जातो. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा करावयाची असून त्यासाठी वाशीम जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील पदवीचा वर्ग हा संदर्भ समोर ठेवला आहे.

यशाचे श्रेय कोणाचे?

क्लिकरची कीर्ती प्रामुख्याने हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांच्या प्रयोगाशी निगडित आहे. न्यूटनच्या नियमांवरील अवघड उदाहरणे लीलया सोडवणारे आपले विद्यार्थी साध्या संकल्पनात्मक प्रश्नांवर अडखळतात, असे त्यांच्या लक्षात आले. अवजड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाल्यास कोण कोणावर अधिक बल लावते, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. एका विद्यार्थिनीने तर उत्तर शिकवल्याप्रमाणे लिहायचे की स्वतःला वाटते तसे, असे विचारल्याचे त्यांनी नमूद केले आहे. हा प्रश्न आपल्याकडील कोणत्याही परीक्षागृहात, कदाचित मनातल्या मनात, विचारला जात असणार.

त्यातून १९९१ मध्ये सहाध्यायी-अध्यापनाची पद्धत आकारास आली. प्राध्यापकाने थोडे शिकवावे व प्रश्न विचारावा. विद्यार्थ्याने प्रथम एकट्याने उत्तर निश्चित करावे, नंतर शेजाऱ्याशी वाद घालावा आणि पुन्हा उत्तर द्यावे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के विद्यार्थी बरोबर असतील तर चर्चा सर्वाधिक फलदायी ठरते, असे या पद्धतीचे अनुभव सांगतात. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, आरंभी ही उत्तरे हात वर करून व अक्षरे लिहिलेली कार्डे दाखवून घेतली जात होती. विद्युत यंत्रणा नंतर आली.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पारंपरिक व्याख्यानांत संकल्पना-आकलनातील सरासरी सापेक्ष वाढ ०.२३, तर परस्परसंवादी अध्यापनात ती ०.४८ आढळली. ही आकडेवारी क्लिकरच्या समर्थनार्थ पुष्कळदा पुढे केली जाते. वस्तुतः ती संवादाच्या बाजूची आहे, यंत्राच्या नव्हे. या दोहोंची सरमिसळ करणे सोयीचे असले तरी शास्त्रीय नाही. नॅथॅनियल लासरी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला तुलनात्मक अभ्यास या दृष्टीने निर्णायक मानावा लागेल. कॅनडातील एका महाविद्यालयात एका गटाला क्लिकर व दुसऱ्या गटाला कागदी कार्डे देऊन हीच पद्धत राबवली असता, संकल्पना-आकलनात लक्षणीय फरक दिसून आला नाही.

महाराष्ट्रातील उदाहरणही याच दिशेला निर्देश करते. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने कमी खर्चाच्या क्लिकरवर काम झाले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच संस्थेत सहना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणक-प्रोग्रामनच्या मोठ्या प्रारंभिक वर्गात ‘विचार करा, जोडीने बोला, वर्गाला सांगा’ ही पद्धत वापरली. तेथे ८३ टक्के विद्यार्थी कृतीत गुंतलेले राहिले, असे निरीक्षण त्यांनी २०१३ मध्ये मांडले. या पद्धतीचा गाभा वही, शेजारी आणि नेमका प्रश्न एवढाच आहे.

मराठी शाळेतील पूर्वसूरी

खरे तर मराठी शिक्षकाला या कल्पनेचे नवल वाटू नये. तोंडी हिशेबाच्या तासाला गुरुजी गणित सांगत, मुले उत्तर लिहून पाटी पालथी ठेवत आणि ‘पाट्या वर’ म्हणताच सर्व उत्तरे एकदम दिसत. पाटी पालथी ठेवण्यात मोठे शहाणपण होते. प्रत्येकाला उत्तर द्यावेच लागे आणि शेजाऱ्याचे पाहून बदलण्यास वाव नसे. महाविद्यालयात येता येता ही पाटी हरवते. तेथे ‘समजले का?’ असा प्रश्न येतो, पहिल्या बाकावरून ‘हो सर’ येते आणि तास पुढे सरकतो.

वर्गातील या मौनाला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावातून मानोरा वा कारंजा येथे पदवीसाठी येणारा विद्यार्थी घरी वऱ्हाडी बोलतो. तांड्यावरचा असेल तर गोरमाटी. शाळेत त्याने प्रमाण मराठी आत्मसात केलेली असते आणि विज्ञान शाखेत आल्यावर त्याला इंग्रजी परिभाषा सामोरी येते. चूक झाली तर ती दोनदा होते, विषयाची आणि भाषेची. हसू बहुधा दुसऱ्या चुकीला येते. वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला तेव्हा शिक्षणाचे जे निर्देशांक तपासले गेले, त्यांत हे हसू मोजण्याची सोय नव्हती.

येथे क्लिकरचे एक अस्सल बलस्थान मान्य केले पाहिजे. ते म्हणजे अनामिकता. कोणी काय उत्तर दिले हे वर्गाला कळत नाही, त्यामुळे मागच्या बाकावरची मुलगीही निर्भयपणे मत नोंदवते. मात्र व्यवहारात हे बलस्थानच प्रथम गमावले जाते. यंत्र हजेरी क्रमांकाशी जोडले जाते, त्यावरून उपस्थिती लागते, पुढे अंतर्गत गुणही दिले जातात. मार्क जेम्स यांच्या खगोलशास्त्राच्या वर्गांतील २००६ च्या अभ्यासात असे आढळले की, उत्तराच्या अचूकतेवर अधिक गुण ठेवले असता जोडीतील जाणकार विद्यार्थीच बोलतो व दुसरा ऐकून घेतो; गुणांचे ओझे हलके असता दोघेही बोलतात. स्तंभालेखाचेही तसेच. चर्चेपूर्वीच वर्गाचा कौल दाखवला तर विद्यार्थी बहुमताकडे झुकतात, हे २०१० मधील जीवशास्त्राच्या वर्गांवरील संशोधनाने दाखवले आहे. पालथी पाटी फार लवकर उलटू नये, एवढेच यावरून गुरुजींच्या भाषेत म्हणता येईल.

प्रश्नाचा दर्जा

या संपूर्ण पद्धतीचा भार प्रश्नावर आहे आणि नेमका तोच भाग चर्चासत्रांतून उपेक्षित राहतो. ‘भावे प्रयोगाची व्याख्या कोणती?’ हा प्रश्न कितीही आधुनिक यंत्रावर विचारला तरी तो पाठांतराचाच प्रश्न राहील. त्याऐवजी ‘शिपायाने चोराला पकडले’ हे वाक्य देऊन, क्रियापद कोणाप्रमाणे बदलते, असे विचारावे. कर्त्याप्रमाणे, कर्माप्रमाणे, दोघांप्रमाणे, कोणाप्रमाणेच नाही, असे चार पर्याय ठेवावेत. कर्त्याला ‘ने’ दिसला की कर्मणी, अशी खूणगाठ बांधलेले अनेक जण दुसरा पर्याय निवडतील. मग शेजारी शेजाऱ्याला ‘शिपायांनी चोरांना पकडले’ असे करून पाहायला लावील, चोराच्या जागी बाई आणून पाहील, आणि ‘पकडले’ जागचे हलत नाही हे दोघांच्याही ध्यानात येईल. ‘शिपायाने चोर पकडला’ हे वाक्य शेजारी मांडले की भेद आपोआप उलगडतो.

भौतिकशास्त्रात बैलगाडी पुरेशी आहे. बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तर ‘मंग बैल पुढं जाईनच कसा?’ ही शंका वऱ्हाडीतच निघावी. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे ढकलते, हे उत्तरही त्याच बोलीत सापडू शकते. सहाध्यायी-चर्चेचा हा लाभ परदेशी संशोधनात सहसा दिसत नाही, कारण तेथील व्याख्यानाची आणि शेजाऱ्याशी बोलण्याची भाषा बहुधा एकच असते. स्मिथ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, ज्या गटात आरंभी कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नसते तोही चर्चेने उत्तरापर्यंत पोहोचतो. चर्चा म्हणजे हुशार मुलाची नक्कल, हा आक्षेप त्यामुळे बराचसा निष्प्रभ होतो.

साहित्याच्या वर्गात मात्र सावधगिरी हवी. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथा शिकवताना, नायकाने जात लपवणे योग्य होते का, असा प्रश्न आला तर हात वर करायला सांगणे हे क्रौर्य ठरू शकते. ज्या वर्गात आडनावावरून सारे कळते, तेथे वर गेलेला हातही बोलतो आणि न गेलेलाही. अशा वेळी निनावी चिठ्ठी किंवा क्लिकर खरोखर उपयोगी आहे. परंतु चार पर्यायांत ती कथा मावत नाही. स्तंभालेख पडद्यावर येताच ६० टक्के म्हणतात ते खरे, असा समज वर्गात पसरतो आणि कथा तेथेच मिटते. कौल घ्यावा, पण तो पडद्यावर न दाखवता त्यावर लिहावयास सांगावे, हा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो.

खरेदी की तयारी?

मूल्यांकनाच्या वर्षात उपकरणांची खरेदी होते, छायाचित्रे अहवालात लागतात, पुढे बॅटऱ्या संपतात आणि यंत्रे कपाटात जातात. हे चित्र प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही. भ्रमणध्वनीचा पर्याय स्वस्त भासतो, परंतु ज्याच्याकडे तो नाही किंवा ज्याचा डेटा संपला आहे, तो विद्यार्थी कौलातूनच वगळला जातो. चार दिशांना चार अक्षरांचे संकेत असलेली ‘प्लिकर्स’ पद्धतीची छापील कार्डे या दृष्टीने अधिक न्याय्य आहेत. ती विद्यार्थी धरतात आणि केवळ प्राध्यापकाच्या एका भ्रमणध्वनीने वाचली जातात. तीही नसतील तर वहीच्या चार कोपऱ्यांवर अ, ब, क, ड लिहून छातीशी धरली तरी काम भागते.

पदवीच्या पहिल्या वर्षासाठी मराठीतून प्रत्येक विषयाचे पन्नास नेमके प्रश्न तयार करणे, ते जिल्ह्यातील दोन-तीन महाविद्यालयांच्या वर्गांत पारखणे, ज्यावर सगळेच बरोबर किंवा सगळेच चूक येतात ते काढून टाकणे, या कामाला निविदा लागत नाही. त्याला एका प्राध्यापकाचे आठवड्यातील किमान दोन तास लागतात, आणि कार्यभाराच्या तक्त्यात त्या दोन तासांसाठी अद्याप रकाना नाही.