शशिकला : दोष कुणाच्या माथी?

शशिकला आपल्या सोलापूरच्या. जन्म १९३२चा, माहेरचं आडनाव जवळकर. लहानपणीच रंगमंचावर नाचू-गाऊ लागल्या. वडिलांचा धंदा बुडाला, कुटुंब मुंबईला गेलं. १९४५च्या ‘झीनत’मधल्या कव्वालीत ही सोलापूरची पोर दिसते. हे आपण अभिमानानं सांगतो. पण अभिनयाबद्दल? ‘काय दुष्ट बाई हो!’ एवढंच.

‘सुजाता’त (१९५९) त्यांनी साकारलेली प्रेमळ रमा फारशी कुणी काढत नाही. ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३) या चित्रपटांनी फिल्मफेअर दिलं, आणि शिक्काही मारला.

आता ‘गुमराह’च बघा. ही बाई माला सिन्हाला जुन्या प्रेमावरून धमकावत राहते. शेवटी कळतं, ती नवऱ्याचीच सेक्रेटरी; डाव त्यानं मांडलेला. म्हणजे शशिकलांनी इथे नाटक करणाऱ्या बाईचं काम केलंय. आणि धमकावण्यातली मजा त्यांनी इतकी खरी उभी केली, की उलगडा झाल्यावरही आपला राग तिच्यावरून हलत नाही. नवरा मात्र समजूतदार ठरतो!

नीतिशास्त्रात आपण कर्ता आणि साधन वेगळे करतो. इथे शिक्षा साधनाला झाली. शशिकलांच्या बाबतीत आपणही तेच केलं : भूमिका लिहिणारे, तीच ती पुन्हा देणारे सुटले, निभावणारी तेवढी दुष्ट ठरली. २००७ साली पद्मश्री मिळाली, २०२१ साली त्या गेल्या. त्यांचं मोठेपण मोजायचं तर आधी हा हिशेब दुरुस्त करायला हवा.