‘दीनबंधू’चा हिशेब

‘दीनबंधू’ला हार घालण्याआधी हिशेब मांडू. १८७७ ला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी हे साप्ताहिक काढलं, १८८० ला नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवायला घेतलं. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर. म्हणून कामगारांचं दुखणं तिथं छापून येऊ लागलं. १८९० ची रविवारची सुट्टी त्यांच्याच झगड्यातून आली; गिरणीत राबणारा मी ती आजही भोगतो.

पण याच पत्रानं १८८३ ला जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची दोन प्रकरणं छापली अन् पुढं हात आखडला. सत्यशोधकांचं पत्र, अन् सत्यशोधक समाज काढणाऱ्याचाच मजकूर पेलेना! जोतीरावांनी हा भित्रेपणा लिहून ठेवलाय. भटांच्या पत्रांनी त्यांना गाळलं की आपण शिव्या घालतो. आपल्याच पत्रानं गाळलं, तर आवाज का बसतो?